मधसोयरे

२० जुलै १९२०, सेइनाय

आपली माणसं परत आली! पोलिश पलटण परवाच गाशा गुंडाळून गेली होती, त्यामुळे काल एक गोळीही न सुटता आपले लिथुआनियन शिपाई चौकात आले. आणि त्यांच्यामागून माझा नवरा आला. बाल्त्रुस. वर्षभर लाझ्दियायला माझ्या बहिणीकडे राहून जाडा झालाय मेला. मी इथे झुरत होते आणि तो तिच्या हातचं डुकराचं मटण हाणत होता.

जिल्हा कचेरीची पाटी पुन्हा रंगवायला काढली आहे. रंगारी म्हणतो, खरवडायला घेतलं तर खाली पोलिश निघेल, त्याखाली जर्मन, त्याखाली झार, लाकूड काही सापडायचं नाही. माझे सासरे म्हणायचे, प्रशियाच्या राजानं आपल्या चुली मोजल्या, फ्रेंचांनी घोडी नेली, झारनं पोरं नेली, जिल्हा मात्र जागचा हलला नाही. आता निदान आपल्या भाषेत कर मागतील.

जिल्हाधिकारी साहेबांची गाडी पुन्हा बाल्त्रुसच हाकणार. गेल्या ऑगस्टात पोलिश उठाव झाला तेव्हा यानं आपल्या शिपायांना तळ्याकाठची वाट दाखवली होती, ते साहेब विसरलेले नाहीत. पोलिश लोकही विसरलेले नाहीत, हीच माझी धास्ती.

२३ जुलै

आज हसून हसून पोट दुखलं. आमचं एक मोहोळ उठलं आणि थेट कचेरीसमोरच्या लिंडनच्या झाडावर, आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूच्या डोक्यावर जाऊन बसलं. हा भाडेकरू म्हणजे रापोलास, कचेरीतला कारकून, झाडाखाली चिरूट ओढत उभा होता. हातातली फाईल डोक्यावर धरून तो पुतळ्यासारखा उभा राहिला आणि चौक खिदळत होता.

थवा ज्याच्याकडे जाऊन बसला, त्याचा झाला. आणि तो माणूस आपला मधसोयरा झाला. रीतच आहे. माश्या काही पैशानं विकत नाहीत की घेत नाहीत, त्या फक्त दोन घरं जोडतात. मधसोयऱ्यापासून काही लपवायचं नाही, त्याला दारातून परतवायचं नाही. सख्ख्या भावाशी भांडलं तरी चालतं, मधसोयऱ्याशी नाही.

बाल्त्रुसनं ओंडका कोरून नवं मोहोळ केलं, त्यावर आमची खूण डागली, वर्तुळात काटा, आणि कचेरीच्या मागच्या बागेत नेऊन ठेवलं. रापोलास विचारतो, "किती द्यायचे?" बाल्त्रुस म्हणाला, "हात झडेल तुमचा, कारकूनबुवा! माश्यांचे पैसे घेतात का कुठे?"

तेव्हापासून तो मला "विहीणबाई" म्हणतो. चांगला माणूस आहे. झारच्या कचेरीत होता, जर्मनांच्या होता, पोलिशांच्याही. सगळ्यांना त्याची गरज लागते, म्हणजे काहीतरी गुण असणारच ना.

१ ऑगस्ट

कुंपणापलीकडच्या वालेंतीला मात्र ही नवी सोयरीक रुचलेली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याच्या बापानं आम्हाला पहिला थवा दिला, तेव्हापासून तो आमचा मधसोयरा. घरात ते पोलिश बोलतात, आम्ही लिथुआनियन, आणि मधल्या कुंपणात एक वाट आहे तिला कधी फाटक लागलं नाही.

तो म्हणाला, "वहिनी, माश्या कुठेही बसतात. झाड आतून पोकळ आहे का, ते बघून नाही बसत."

मी म्हटलं, "जळतोयस तू. तुझ्यापेक्षा शिकलेला सोयरा मिळाला ना आम्हाला!"

"चार राज्यं आली गेली, त्याच्या खुर्चीला साधी कुरकुर नाही. माझी खुर्ची तर बायको रागावली तरी हलते."

त्याची बायको रोझालिया तिथेच होती. तिनं ओला फडका फेकून मारला त्याला.

दुपारी दोघा पुरुषांनी मिळून तळघराच्या फळ्या बदलल्या. हिवाळ्यात दोन्ही घरांची मोहोळं एकत्र ठेवायला ते त्यांच्या बापांनी खणलं होतं, वालेंतीच्या हद्दीत, शेणखताच्या ढिगामागे. परक्याला दिसत नाही. गेल्या वर्षी बाल्त्रुस त्यातच लपून वाचला. तेव्हाच त्यांचं ठरलं होतं, आज पुन्हा हातावर हात मारून पक्कं केलं. तुझं राज्य आलं की मला तू सांभाळ, माझं आलं की तुला मी. ज्याच्या हाती ससा तो पारधी, पण या दोन घरांत ससा मरायचा नाही.

३१ ऑगस्ट

लिहिते म्हणजे राग शांत होईल.

सकाळी साहेब कचेरीच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "जिल्हा इथून तसूभर हलणार नाही." लोकांनी टोप्या उडवल्या. बाल्त्रुसला म्हणाले, "घोडी जुंपून ठेव आणि घरी जाऊन जेवून ये." हा जेवायला बसला. बटाटा तोंडात असतानाच खिडकीतून बघतो तर साहेबांची गाडी लाझ्दियायच्या रस्त्यानं धुरळा उडवत चाललेली. साहेब, त्यांची बायको, तिचं शिवणयंत्र, आणि आमची घोडी! हो, आमची! ती कचेरीची नव्हतीच.

बाल्त्रुस धावत गेला, हाका मारल्या. साहेबांनी मागे वळून पाहिलं असं तो म्हणतो. थांबले नाहीत. केसानं गळा कापला. वर्षभर यांच्यासाठी परागंदा झाला तो, आणि गाडीत शिवणयंत्राला जागा होती, याला नव्हती.

संध्याकाळच्या आत पोलिश पलटण चौकात. बाल्त्रुस तळघरात. रापोलास मात्र कचेरीतच थांबला. म्हणाला, "कागद कुठे आहेत हे कोणाला तरी माहीत हवं ना, विहीणबाई."

२ सप्टेंबर

शिपाई आले. गाद्या फाडल्या, दुधाचं मडकं लाथाडलं. वालेंती कुंपणाच्या वाटेनं आला आणि त्यांच्या भाषेत त्यांनाच झापलं, "अरे, तो कधीच पळाला साहेबाबरोबर! या बाईला टाकून गेला, दिसत नाही का? थोबाड बघा तिचं." मी लगेच रडायला लागले. ते गेल्यावर तो म्हणाला, "वहिनी, इतकं खरं रडू नका, मलाच खरं वाटायला लागलं."

देव त्याचं भलं करो.

५ सप्टेंबर

काल आपले परत आले. आता तळघरात वालेंती! त्यानं चार दिवसांपूर्वी रोझालियाच्या आग्रहानं दारावर पोलिश निशाण लावलं होतं, कुणीतरी ते पाहिलं. बाल्त्रुस वर आला आणि वालेंती खाली उतरला. खालून ओरडतो, "अरे, घोंगडी अजून गरम आहे! पण किती वास मारतोयस तू!" बाल्त्रुसनं शिपायांना सांगितलं, वालेंती सुवाल्कीला गेलाय घोडा विकायला. झालं. याला म्हणतात सोयरीक.

संध्याकाळी रापोलास जेवायला बसला होता. त्याचा खोकला बरा नाही म्हणून मध दिला. म्हणाला, "बाल्त्रुस चार दिवस कुठे होता हो? माझा जीव टांगणीला लागला होता. तुम्ही एका शब्दानं सांगितलं नाहीत. मी सोयरा ना तुमचा?" मला इतकी लाज वाटली. खरंच होतं त्याचं. मधसोयऱ्यापासून लपवणं म्हणजे पापच. सांगितलं त्याला तळघराचं. त्यानं डोळे पुसले. म्हणाला, "चला, आता मला झोप लागेल."

बाल्त्रुसला बोलले नाही. उगाच चिडेल.

१० सप्टेंबर

काल पुन्हा पोलिश. आता कोण कधी येतं याचंही भान राहत नाही, पाटी रंगवणाऱ्यानं तर ब्रश धुणंच सोडून दिलंय. बाल्त्रुस खाली.

या खेपेला रापोलासलाही त्रास झाला बिचाऱ्याला. नव्या अधिकाऱ्यानं दार बंद करून त्याला दुपारभर बसवून ठेवलं. तू लिथुआनियनांची चाकरी केलीस, तुझ्यावर आम्ही भरवसा का ठेवावा, असं विचारलं म्हणे. घरी आला तेव्हा चेहरा पांढराफटक. बीटाचं सूप केलं होतं, शिवलाही नाही. माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, देवावर भार टाका, सगळं ठीक होईल. म्हणाला, "हो, होईल आता."

११ सप्टेंबर

नेला. माझ्या बाल्त्रुसला नेला.

आमच्या घरात आलेच नाहीत ते. सरळ वालेंतीच्या आवारात, शेणखताच्या मागे, सरळ फळ्यांपाशी. शोधलं नाही, विचारलं नाही. मी धावत गेले तर वालेंती बोडक्या डोक्यानं अधिकाऱ्यासमोर उभा, हात हलवून काहीतरी बोलतोय, त्याच फळ्यांवर उभा राहून. अधिकाऱ्यानं त्याला बाजूला ढकललं. फळी उचलली. बाल्त्रुस वर आला, केसांत मेण, डोळे मिचकावत. मला म्हणाला, "माश्यांकडे बघ."

येशू मरिया, कुठे नेलाय त्याला?

१२ सप्टेंबर

दोन घरांतल्या आम्हा चौघांनाच ठाऊक होतं. मी नाही, बाल्त्रुस नाही. उरलं कोण?

वालेंती दारात आला. डोळा सुजलेला. म्हणाला, "वहिनी, मी नाही. मी त्या फळ्यांवरनं हललो नाही, विचारा कोणालाही."

मी म्हटलं, "फळ्यांवर उभा राहून दाखवत होतास ना, इथे आहे म्हणून!"

"अगोता वहिनी..."

"वहिनी म्हणू नकोस! तुझ्या बापानं दिलेल्या माश्यांची तरी लाज बाळग!"

यंदाच्या मधाचा वाटा घेऊन आला होता. मी ती बरणी पायरीवरून खाली ढकलली. तो खाली बसून काचा वेचायला लागला, आणि मी दार लावून घेतलं.

रापोलासनं मला पाणी दिलं. मी विचारलं, असं कसं केलं असेल हो त्यानं? त्यानं रिकामा पेला माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाला, "रक्त, विहीणबाई. शेवटी आपलं रक्त ओढतं माणसाला." तळघराचं त्यालाही ठाऊक होतं हे मला सुचलंही, पण तो तर घरचाच. अशा वेळी एक माणूस तरी आपला असावा लागतो.

१४ सप्टेंबर

काल आपले आले. आणि आज सकाळीच वालेंती कुंपणाच्या वाटेनं आला. मी चूल पेटवत होते. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच म्हणाला, "वहिनी, मी खाली जातोय. तुम्ही माझ्याशी बोलू नका, पण ठरलं ते ठरलं. बाल्त्रुस परत आला की सगळं निस्तरेल." आणि गेला.

काय हिंमत माणसाची! माझा नवरा ज्यातून बाहेर काढवला त्याच बिळात स्वतः जाऊन बसायचं आणि मलाच सांगून जायचं! थट्टा चालवली आहे माझी?

आपल्या शिपायांची तुकडी रस्त्यानं आली तेव्हा त्यांच्या नाईकानं विचारलं, इथे कुणी पोलिशांचा माणूस आहे का? मी हातातली लाकडं खाली ठेवली. त्यांच्यापुढे चालत गेले आणि दाखवलं. त्यानं आमच्या माणसाला धरून दिलं, असंही सांगितलं.

वालेंती वर आला तेव्हा माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं मीच त्याला सोडवायला उभी आहे. मग त्याला कळलं.

रोझालिया बाजाराला गेली होती.

१५ सप्टेंबर

त्याला लाझ्दियायकडे नेला म्हणतात. मला बरं वाटायला हवं होतं. पाव भाजला तो करपला.

२३ सप्टेंबर

काल पहाटेपासून तोफा. आपले शेकड्यांनी पकडले गेले, रांगा करून चौकातून नेले. मी प्रत्येकाचं तोंड बघितलं. उगाच. बाल्त्रुस तर आधीच त्यांच्या कैदेत आहे, तो कसा असेल त्यांच्यात?

रापोलासनं खोली सोडली. कचेरीनं त्याला चौकात घर दिलंय, दोन खोल्या आणि पोर्सेलीनची शेगडी. जाताना माझा हात हातात घेतला. बाल्त्रुससाठी शब्द टाका, म्हटलं. म्हणाला, "योग्य वेळ येऊ द्या, विहीणबाई." आता तो पुन्हा पोलिशमध्येच बोलतो.

१० ऑक्टोबर

सुवाल्कीला मोठ्या लोकांनी सह्या केल्या. रेघ आखली. सेइनाय पोलिशांकडे, आणि लाझ्दियाय आपल्याकडे. पाद्रीबुवांनी मला हळूच सांगितलं की पलीकडे जो तुकडा उरलाय त्याला अजूनही सेइनाय जिल्हा म्हणतात, साहेब तिथेच खुर्ची टाकून बसलेत. सेइनाय जिल्हा, आणि त्यात सेइनाय नाही! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आमचं नाव घेऊन गेले, आमची घोडी घेऊन गेले, आम्हाला ठेवून गेले.

१९ ऑक्टोबर

आज धीर करून नव्या पोलिश जिल्हाधिकाऱ्याच्या बंगल्यावर गेले, बाल्त्रुससाठी पाया पडायला. अंडी नेली होती. मागच्या दारी त्याची बायको भेटली. नीट बोलली, अंडी घेतली, सांगते म्हणाली.

तिच्या बागेत एक मोहोळ होतं. ओंडक्यावर वर्तुळात काटा.

मी विचारलं, हे कुठून आलं बाईसाहेब? म्हणाली, "ते होय! तुमच्या रापोलासकडून विकत घेतलं. स्वस्तात दिलं हो त्यानं, घासाघीसही नाही करावी लागली."

मी रस्त्याच्या कडेला बसून राहिले. माश्या विकल्या मेल्यानं. आमच्या माश्या विकल्या. माश्या विकणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. गावात चोर पाहिलेत, नवऱ्याला विष घालणारी पाहिली, पण हे नाही.

आणि जो माश्या विकतो तो. नाही. तो विचार मी पुढे नेत नाही. तो खरा असला तर चौदा तारखेला मी काय केलं?

२८ ऑक्टोबर

थंडी पडली. मोहोळं आत न्यायला हवीत आणि ती एका घराला उचलत नाहीत, म्हणून रोझालिया स्वतःच आली. दोघींनी मिळून एकेक ओंडका तळघरात उतरवला. ती एक टोक, मी एक टोक. तिच्या हातांना भेगा पडल्यात.

शेवटचं मोहोळ ठेवल्यावर ती पायरीवर टेकली. म्हणाली, "अगोता, तू माझ्या नवऱ्याला नको ते बोललीस. मी राग धरला नाही. तुझं माणूस गेलं होतं. पण मला आता कळलंय. रापोलासनं तुमचं मोहोळ विकलं ना? बास. ज्यानं तुझ्या बाल्त्रुसला दाखवून दिलं, त्यानंच माझ्या वालेंतीला दिलं. दोन्हीकडून खाल्लं मेल्यानं."

मी मान हलवली. देवा, मी मान हलवली!

तिनं शालीच्या गाठीतून मधाची छोटी कुपी काढून माझ्या हातात ठेवली. "तुझा यंदाचा वाटा. वालेंती काचा वेचून घरी आला तेव्हा मला म्हणाला, पुन्हा भरून ने."

८ नोव्हेंबर

बाल्त्रुस आला! सुवाल्कीच्या तुरुंगातून सोडला. चालत आला. दोन दात नाहीत, वर्षभराचं सगळं अंग गळून गेलंय. मी पाणी तापवलं, पाय धुतले, तो हसत होता, मी रडत होते.

पहिला घास तोंडात घालायच्या आधी म्हणाला, "वालेंतीला बोलाव. त्याचा डोळा शाबूत आहे ना? बंदुकीचा दस्ता खाल्ला त्यानं माझ्यासाठी. फळ्यांवरनं उतरेचना. म्हणत होता, खाली माश्या आहेत, उघडलंत तर मरतील."

मी सांगितलं, त्याला आपल्या लोकांनी नेलं.

"आपल्या? त्यांना कुणी दाखवला?"

मी म्हटलं, "रापोलासनं. असं रोझालिया म्हणते."

त्यानं ताट बाजूला सारलं.

९ नोव्हेंबर

सकाळी तो चौकातल्या त्या घरी गेला. मी कोयता लपवून ठेवला होता, पण त्यानं काही मागितलंच नाही. दुपारी परतला. मला वाटलं हाताला रक्त असेल. नव्हतं.

बाकावर बसला आणि सांगत सुटला, जमिनीकडे बघून. "त्यानं नाकारलं नाही. म्हणाला, तुला मीच धरून दिला, बाल्त्रुस. त्यांनी मला भिंतीशी उभं केलं होतं, मला काहीतरी द्यावं लागलं. मी विचारलं, तुला तळघर कुणी सांगितलं? म्हणाला, तुझ्या बायकोनं, मधसोयरा म्हणून. मी विचारलं, आणि वालेंती? तर तो भडकला. खरंच भडकला. म्हणाला, मी त्या दिवशी आपल्याच शिपायांच्या भीतीनं चर्चच्या घंटेखाली बसलो होतो. त्या पोलिश माणसाचं माझ्या माथी मारू नकोस. घरी विचार."

मग त्यानं वर पाहिलं. विचारलं नाही. माझ्या तोंडावर वाचलं असणार.

मी बोलायला लागले, की मला वाटलं त्यानंच तुला, की मी वेडी झाले होते, की कारकूनच म्हणाला रक्त ओढतं. तो उठून बाहेर गेला.

१० नोव्हेंबर

बाल्त्रुसनं आमची सगळी मोहोळं तळघरातून वर काढली. इतक्या थंडीत. ज्या घरात दगा असतो तिथे माश्या जगत नाहीत, ही आमच्याकडची जुनी समजूत, आणि त्यानं तसं तोंडानं म्हटलंही नाही. ओंडक्यांवरची आमची खूण एकेक करून तासून काढली आणि पुन्हा खाली नेऊन रोझालियाच्या मोहोळांच्या रांगेत लावली. मी एक टोक धरायला गेले तर म्हणाला, "सोड."

रोझालिया शाल गुंडाळून बाहेर आली. "अरे, हे काय? सगळी माझ्याकडे कशाला?"

तो म्हणाला, "हिला विचार."

मी कुंपणातल्या वाटेत उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. सगळं, लाकडं खाली ठेवली तिथपासून, तो वर येऊन हसला तिथपर्यंत.

ती ओरडली नाही. एवढंच विचारलं, "हसला?"

११ नोव्हेंबर

उद्या बाल्त्रुस चोरवाटेनं सीमा ओलांडून लाझ्दियायला जाणार आहे, साहेबांच्या पायरीवर बसून वालेंतीला मागायला. मी म्हटलं, मी येते, साक्ष माझीच लागेल. म्हणाला, "तुझ्या साक्षीवरच तर नेलाय त्याला." आम्ही एवढंच बोललो आज.

मधाची कुपी फडताळात आहे. उघडलेली नाही.

सकाळपासून पलीकडून ठोकण्याचा आवाज येतोय. रोझालिया कुंपणातल्या वाटेला फळ्या मारते आहे. बाल्त्रुस तिच्या बाजूला उभा राहून तिला खिळे देतो आहे.